पिशवी काढली, पाळी गेली, मग वजन का वाढलं?



बैठकीत बचत जमा झाली, हप्ते लिहून झाले, की गप्पा निघतात. त्यात हे बोलणं हमखास असतं. “पिशवी काढली तवापासून पोट सुटलं.” “पाळी गेली अन् शुगर निघाली.” “खाणं तर पहिल्यापेक्षा कमीच हाये, मंग वजन काऊन वाढते?” आणि कोणी म्हटलं, रोज चालायला जात जा, तर उत्तर तयार असतं, “दिवसभर वावरात राबतो, आता आणखी कायचा व्यायाम?”

या प्रश्नांची बरीचशी उत्तरं प्रयोगशाळेतल्या उंदरांकडून मिळाली आहेत. शंभर वर्षांपासून शास्त्रज्ञ हे प्रयोग करत आहेत. ते आपल्या कामाचे आहेत, म्हणून या अंकात साध्या भाषेत मांडतो आहोत.

इस्ट्रोजेन काय करतं?

गर्भपिशवीच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढे दोन बीजकोश असतात. ते इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन तयार करतात. १९२३ साली अमेरिकेत ॲलन आणि डॉइझी या दोघांनी उंदरांवर प्रयोग करून ते दाखवून दिलं. पाळी आणि बाळंतपण एवढंच त्याचं काम, असं आपण समजतो. पण हाडं मजबूत ठेवणं, भूक आवरणं, रक्तातली साखर ताब्यात ठेवणं आणि चरबी कुठे साठवायची हे ठरवणं, यातही त्याचा हात असतो.

खाल्लेल्या अन्नाचा शरीर जो हिशेब ठेवतं, त्याला चयापचय म्हणतात. आपल्या गटासारखंच आहे ते. रोजच्या खर्चाला लागणारी साखर म्हणजे हातातली रोकड. उरलेलं चरबी होऊन जमा होतं, ती मुदत ठेव. इस्ट्रोजेन या हिशेबातली हुशार सचिव आहे. ठेव कधी मोडायची आणि रोकड कधी वाचवायची, हे तिला कळतं. इस्ट्रोजेन दिलेले उंदीर धावताना चरबी जास्त जाळतात, साखर राखून ठेवतात आणि उशिरा थकतात, असं प्रयोगांत दिसलं आहे.

चाकावरचे उंदीर

उंदराच्या पिंजऱ्यात एक चाक बसवतात. उंदीर आपल्या मर्जीने त्यावर धावतो आणि फेऱ्या मोजल्या जातात. वांग नावाच्या संशोधकाने १९२३ मध्येच माद्यांच्या फेऱ्या मोजल्या. उंदराच्या मादीचं चक्र चार-पाच दिवसांचं असतं. ज्या दिवशी ती माजावर येते, त्या दिवशी ती इतर दिवसांपेक्षा कितीतरी जास्त धावते. तिचे बीजकोश काढले की हे धावणं एकदम घटतं. बाहेरून इस्ट्रोजेन दिलं की पुन्हा वाढतं.

पुढे असे प्रयोग खूप झाले. माद्यांचे दोन गट करायचे. दोन्हींवर शस्त्रक्रिया करायची, पण बीजकोश एकाच गटाचे काढायचे. म्हणजे जो फरक पडेल तो टाक्यांमुळे नाही, बीजकोश गेल्यामुळे, हे नक्की होतं. बीजकोश काढलेल्या माद्या काही आठवड्यांत जाड होतात. चरबी पोटात, आतड्यांभोवती आणि यकृतात साठते. साखर नीट वापरली जात नाही आणि हाडं ठिसूळ होतात. सुरुवातीला त्या खातातही जास्त. पण खाणं वाढू दिलं नाही तरी चरबी वाढते, कारण शरीराचा खर्चच कमी झालेला असतो आणि हिंडणंही.

म्हणजे “खाणं वाढलं नाही तरी वजन वाढलं” असं म्हणणारी बाई खोटं बोलत नसते. जमा तेवढीच, खर्च मात्र घटला, तर शिल्लक वाढणारच.

चालणं दुसरं दार उघडतं

मग अशाच माद्यांना रोज ठरावीक वेळ पळवलं. इस्ट्रोजेन दिलं नाही, फक्त व्यायाम. पोटातली आणि यकृतातली चरबी न पळणाऱ्यांपेक्षा कमी राहिली. साखर चांगली वापरली गेली. हाडांची झीजही काही प्रमाणात कमी झाली.

हे कसं होतं? रक्तातली साखर स्नायूत जायला एक दार लागतं आणि इन्सुलिन ही त्या दाराची किल्ली. इस्ट्रोजेन कमी झालं, पोटावर चरबी साठली, की ही किल्ली नीट फिरत नाही. पण स्नायू कामाला लागला की तो दुसरं दार उघडतो आणि किल्लीशिवाय साखर आत घेतो. चालणं थांबल्यावरही त्याचा फायदा बरेच तास टिकतो. हे दार उघडायला इस्ट्रोजेन लागत नाही. म्हणून पाळी गेलेल्या, पिशवी काढलेल्या बाईलाही चालण्याचा फायदा होतोच.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. व्यायाम इस्ट्रोजेनची सगळी जागा भरून काढत नाही. हाडांच्या बाबतीत तो कमीच पडतो. आणि पळवणं बंद केलं की काही आठवड्यांत माद्यांची चरबी परत आली. बचतीसारखंच आहे हे, दर महिन्याला भरली तरच चालते.

उपाशी राबणं म्हणजे व्यायाम नव्हे

आता वावरातल्या कामाचं. निंदण, कापूस वेचणी, सोयाबीनची सोंगणी, डोक्यावर भारा, ही खरी मेहनत आहे, यात शंकाच नाही. पण ती हंगामापुरती असते. उन्हाळ्यात वावर मोकळं असतं. वय वाढलं की काम सुनेकडे जातं. आपलं हिंडणं कमी झालं, हे उंदरासारखंच आपल्याही लक्षात येत नाही.

आणि दुसरी बाजूही पाहा. अमेरिकेत माकडिणींवर एक प्रयोग झाला, त्याचा निकाल २००१ साली आला. त्यांचं धावणं हळूहळू वाढवत नेलं, खाणं मात्र वाढवलं नाही. काही काळाने त्यांची पाळीच थांबली. मग धावणं तसंच ठेवून खाणं वाढवलं, तर पाळी परत आली. म्हणजे नुसत्या मेहनतीने पाळी बिघडली नव्हती, मेहनतीच्या मानाने अन्न कमी पडलं होतं. घरात सगळ्यांच्या शेवटी, उरलंसुरलं खाऊन वावरात जाणाऱ्या तरुण पोरीची पाळी लांबत असेल, तर हे आठवा. आधी तिच्या ताटात डाळ, भाजी, अंडं किंवा दूध वाढा आणि तिला तपासून घ्या.

पिशवी आणि बीजकोश एक नाहीत

या सगळ्यातून सर्वांत मोठी गोष्ट निघते ती शस्त्रक्रियेची. आपण “पिशवी काढली” म्हणतो, पण नुसती पिशवी काढली की सोबत बीजकोशही काढले, हे किती जणींना माहीत असतं? नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते, पण बीजकोश इस्ट्रोजेन देत राहतात. काही जणींचं ते थोडं लवकर कमी होतं, एवढंच. दोन्ही बीजकोश काढले तर इस्ट्रोजेन एका दिवसात तुटतं, त्या उंदराच्या मादीसारखं. बाई तिशी-पस्तिशीची असेल तर पुढची पंधरा-वीस वर्षं तिची हाडं, हृदय आणि साखर त्याचा भार सोसतात.

बीड जिल्ह्यात काय झालं ते आठवा. २०१९ मध्ये ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांहून अधिक बायांची पाहणी झाली. त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीमुळे कामाचा खाडा होऊ नये, हेही त्यामागचं एक कारण होतं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही गरज नसताना होणाऱ्या अशा शस्त्रक्रिया रोखण्यासाठीचे नियम राज्यांनी लागू करावेत, असा आदेश दिला.

कॅन्सर, न थांबणारा रक्तस्राव, मोठ्या गाठी अशा वेळी शस्त्रक्रिया जीव वाचवते. तिला घाबरू नका. पण अंगावर पांढरं जातं, कंबर दुखते, आता मुलं नकोत, एवढ्यावरून “काढून टाका” म्हणू नका.

आपण काय करायचं?

- शस्त्रक्रिया सुचवली तर विचारा: गोळ्या-औषधांनी भागेल का? बीजकोश ठेवणार की काढणार, आणि काढणार तर का? जमलं तर सरकारी दवाखान्यात दुसरा सल्ला घ्या.
- आधी शस्त्रक्रिया झाली असेल तर कागद शोधा. बीजकोश काढल्याचं त्यात लिहिलेलं असतं. काढले असतील आणि वय पंचेचाळिशीच्या आत असेल, तर पुढच्या औषधांबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. मनाने गोळ्या घेऊ नका.
- आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास भरभर चाला. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतक्या वेगाने. एकदम जमत नसेल तर दहा-दहा मिनिटं तीनदा. उन्हाळ्यात पहाटे किंवा दिवस मावळल्यावर.
- आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम: हात न टेकता खाटेवरून उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दंड.
- तीस वर्षांवरच्या प्रत्येकीने उपकेंद्रात बीपी आणि शुगर मोफत तपासून घ्यावी. सोबत हिमोग्लोबिनही.
- चालताना छातीत दुखलं, फार दम लागला, किंवा पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त गेलं, तर थांबू नका, दवाखाना गाठा.

उंदीर म्हणजे बाई नव्हे. त्याच्यावर दिसलेलं सगळं आपल्याला तसंच्या तसं लागू होत नाही. पण पाळी गेल्यावर पोटावर चरबी येणं, साखर वाढणं आणि चालण्याने ती आवरणं, हे बायांमध्येही दिसून आलं आहे.

एकटीने चालायला लाज वाटते, लोक काय म्हणतील वाटतं. पण दहा जणी मिळून निघाल्या तर कोण काय म्हणणार? बचत आपण एकटीने सुरू केली नव्हती, चालणंही गटानेच सुरू करू. पुढच्या बैठकीत हप्त्याच्या वहीशेजारी एक पान त्यासाठी ठेवा आणि कोण किती दिवस चाललं ते लिहा.