न दिसणाऱ्या गाठीचा शोध

आपल्या मानेपासून कमरेपर्यंत पाठीच्या मध्यावरून बोट फिरवून पाहा. बोटाला लागणारे उंचवटे म्हणजे मणक्यांची टोके. या मणक्यांच्या आतील पोकळीत करंगळीएवढ्या जाडीचा आणि सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा मज्जारज्जू असतो. मेंदूचा हुकूम पायांपर्यंत नेणे आणि पायात काटा रुतल्याची वर्दी मेंदूला देणे ही दोन्ही कामे त्याच्यामार्फत होतात.

आता समजा, या पोकळीत एक लहानशी गाठ वाढू लागली. सभोवार हाड आहे. ते हटत नाही. मग दबतो तो मऊ मज्जारज्जू. प्रथम वेदना, मग पायांत अशक्तपणा व बधिरपणा आणि शेवटी पाय लुळे! गाठ कर्करोगाची नसली, तरी केवळ जागेमुळे ती घातक ठरते.

१८८७ साली लंडनमध्ये ४२ वर्षांच्या एका कॅप्टनची हीच अवस्था झाली होती. तीन वर्षे वेदना सोसून त्याचे पाय निकामी झाले होते. विल्यम गॉवर्स या डॉक्टरांनी निदान केले, की मज्जारज्जूवर गाठ असावी. त्यांनी व्हिक्टर हॉर्स्ली या तीस वर्षांच्या शल्यविशारदाला बोलावले. पण गाठ नेमकी कोठे? क्ष-किरणांचा शोध तर १८९५ सालचा!

उत्तर त्वचेवर होते. मज्जारज्जूतून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघतात व जवळजवळ प्रत्येक जोडी त्वचेचा ठराविक पट्टा सांभाळते. बेंबीजवळचा पट्टा छातीच्या भागातील दहाव्या जोडीचा आहे. स्पर्श कोठपासून कळेनासा होतो हे पाहिले, की गाठीच्या जागेचा अंदाज येतो.

९ जून १८८७ रोजी हॉर्स्ली यांनी अंदाजाच्या जागी मणक्यांची मागील हाडे काढली. गाठ दिसली नाही! जखम शिवून टाकावी की पुढे जावे? ते आणखी वर गेले, आणि तेथे बदामाच्या आकाराची गाठ मज्जारज्जूला दाबत असलेली सापडली.

गाठ वर का निघाली? बाळ गर्भात असताना आरंभी रज्जू व कणा सारख्याच लांबीचे असतात. पुढे कणा अधिक वाढतो, रज्जू मागे राहतो. त्यामुळे मज्जातंतूंना आपापल्या मणक्यापर्यंत तिरपे खाली उतरावे लागते. बेंबीच्या तंतूंचा उगम त्यांच्या मणक्याहून साधारण दोन मणके वर असतो. शिवाय शेजारचे पट्टे एकमेकांवर थोडे चढलेले असल्याने, एका जोडीचे काम बंद पडले तरी शेजारची जोडी ते काही अंशी सांभाळते. म्हणून बधिरपणाची सीमा गाठीच्या खाली दिसते.

तो कॅप्टन हळूहळू बरा झाला. वर्षभराने दिवसाचे सोळा तास काम करू लागला. मज्जारज्जूवरील गाठ यशस्वीपणे काढल्याचे हे पहिले प्रसिद्ध उदाहरण होय. हॉर्स्ली यांनी पुढेही रुग्णसेवा चालू ठेवली. पहिल्या महायुद्धात सैनिकांवर उपचार करण्यासाठी ते मेसोपोटेमियात गेले आणि तेथेच १९१६ साली उष्माघाताने वारले.

आज हे काम एमआरआय यंत्र सोपे करते. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात शरीरातील हायड्रोजनची केंद्रके रेडिओलहरींना प्रतिसाद देतात व त्यांवरून संगणक आतले चित्र रचतो. शस्त्रक्रिया सूक्ष्मदर्शकाखाली होते. तरीही शल्यविशारद प्रथम रुग्णाचे ऐकतो, टाचणीने त्वचा तपासतो, पायांची ताकद पाहतो. शस्त्रक्रियेनंतरही रुग्णाला कुशीवर वळवणे, लघवीची काळजी घेणे, व्यायामाने पुन्हा उभे करणे ही कामे आठवडेच्या आठवडे चालतात.

एक गोष्ट घरीही सांगा. पाठदुखी बहुधा साधीच असते. परंतु तिच्याबरोबर पाय लटपटू लागले, बधिर झाले किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. फार काळ दबलेला मज्जारज्जू गाठ काढल्यावरही पूर्ववत होईलच असे नाही.