उलट्या पंखांचं विमान

एक्स-२९ पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, जोडणाऱ्यांनी पंख उलटे तर बसवले नाहीत? दोन्ही पंख शेपटीकडे नव्हे, नाकाकडे झुकलेले, तेही ३३ अंशांहून थोडे जास्तच. अमेरिकेच्या ग्रुमन कंपनीने अशी दोनच विमानं बांधली. पुढचं धड एफ-५ए या लढाऊ विमानाचं, चाकं एफ-१६ची. म्हणजे बरीचशी उसनवारीच. खरं नवं होतं ते पंखांचं आवरण.

पुढे झुकलेला पंख ही कल्पना जुनी. जर्मनीचं युंकर्स जेयू-२८७ असे पंख घेऊन १९४४ मध्येच उडालं होतं. अशा पंखावर हवा टोकाऐवजी मुळाकडे सरकते, त्यामुळे नाक बरंच वर उचललं तरी टोकांकडची नियंत्रणं हाताला येतात. मग घोडं अडलं कुठे? पंखाच्या पिळात. उड्डाणात पंख वर वाकतोच. मागे झुकलेला पंख वाकला की टोकाशी त्याची पुढची कड खाली जाते, तिथली उचल घटते आणि प्रकरण आपोआप आटोक्यात येतं. पुढे झुकलेल्याचं नेमकं उलट: कड वर जाते, उचल वाढते, पंख आणखी वाकतो, आणखी पिळतो. एका ठरावीक वेगापुढे हे थांबतं ते पंख तुटल्यावरच. धातूचा पंख पुरेसा ताठ करावा, तर वजन इतकं वाढतं की फायदा त्यातच बुडतो.

अमेरिकी हवाई दलातले नॉरिस क्रोन यांनी १९७०च्या दशकात गणिताने दाखवलं, की कार्बन फायबर योग्य कोनात रचलं तर हे टाळता येईल.

या फायबरचा स्वभाव एकमार्गी. केसाच्या दहाव्या हिश्शाइतका बारीक धागा लांबीच्या दिशेने जबरदस्त ताण सोसतो. आडवा ताण आला की भार धागे धरून ठेवणाऱ्या एपॉक्सी राळेवर पडतो आणि ताकद कित्येक पटींनी घसरते. म्हणून पातळ थर एकावर एक लावायचे: वाकण्यासाठी उभे, पिळासाठी अधिक-उणे ४५ अंशांचे, आडव्या ताणासाठी ९०चे. मधल्या थराच्या वर जी रचना, तीच आरशातल्यासारखी खाली. नाहीतर भट्टीतून निघून थंड होताना पत्रा वेडावाकडा होतो. सगळ्या दिशांना सारखे थर वाटून मोकळं होणं सोपं. पण त्याला या धंद्यात चेष्टेने ‘काळं अॅल्युमिनियम’ म्हणतात, आणि माझ्या मते ती चेष्टा रास्त आहे. दिशा निवडायचीच नसेल, तर एवढं महाग साहित्य घ्यायचं कशाला?

ग्रुमनने आरशाचा नियम पाळला, पण तिरक्या थरांचा समतोल मुद्दाम मोडला. भार घेणारे मुख्य धागे पंखाच्या लांबीच्या रेषेपासून थोडे पुढे वळवले. उरेब कापड ओढलं की ते लांबतं आणि बाजूलाही सरकतं. हे शिंप्याला सांगावं लागत नाही. पंख वर वाकताना खालचं आवरण ताणलं जातं, वरचं दाबलं जातं. त्यामुळे दोन्ही विरुद्ध दिशांना सरकू पाहतात आणि पंख पिळतो, पण या वेळी पुढची कड खाली नेणाऱ्या दिशेने. वारा एकीकडे पिळतो, धागे दुसरीकडे. आतला सांगाडा मात्र अॅल्युमिनियम आणि टायटॅनियमचाच होता.

१४ डिसेंबर १९८४ रोजी कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स तळावर पहिलं उड्डाण झालं. वर्षभराने, १३ डिसेंबर १९८५ला, पुढे झुकलेल्या पंखांचं विमान सरळ उड्डाणात प्रथमच ध्वनीच्या वेगापलीकडे गेलं. विमान मुळातच अस्थिर. संगणक सेकंदाला ४० वेळा सावरत म्हणून ते हवेत टिके. पहिल्या विमानाने २४२ उड्डाणं केली आणि पंखांनी दगा दिला नाही.

हवेचा अवरोध मात्र अपेक्षेइतका घटला नाही. अमेरिकेने पुढे अशा पंखांचं लढाऊ विमान सेवेत आणलं नाही. विमान म्हणून एक्स-२९ निर्वंश राहिलं, पण वाकता वाकता पिळणारं आवरण टिकलं: आज पवनचक्क्यांच्या काही पात्यांमध्ये हीच युक्ती वापरतात, जोराच्या झोताला पातं आपणच थोडं वळून भार कमी करतं. पहिलं एक्स-२९ आता ओहायोतल्या डेटन इथे अमेरिकी हवाई दलाच्या संग्रहालयात आहे.