रुग्णपत्रके, बॅचनोंदी आणि क्लाउड स्टोरेजची निवड

दि. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. मिठी नदीला पूर आला आणि उपनगरांतील असंख्य तळमजल्यांत पाणी शिरले. अंधेरीसारख्या भागात दवाखाना बहुधा तळमजल्यावरच असतो. कपाटातील रुग्णपत्रके आणि टेबलाखालचा संगणक एकाच पाण्यात भिजतात. म्हणून नोंदींची एक प्रत जागेबाहेर असावी, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. या बाहेरच्या प्रतीसाठी अनेक वैद्य आणि फार्मसीचालक आता क्लाउड स्टोरेजचा आश्रय घेतात. तथापि सेवा निवडताना केवळ मोफत जागेकडे पाहिले जाते. वस्तुतः कसोटी वेगळी आहे: पाठवलेली फाइल कोण उघडू शकतो, किती काळ उघडू शकतो आणि ती परवानगी आपल्याला परत घेता येते काय?

क्लाउड स्टोरेज म्हणजे आपल्या फाइली इंटरनेटद्वारे एखाद्या कंपनीच्या संगणकांवर ठेवणे. फाइल जोडून पाठवण्याऐवजी आपण तिची लिंक देतो. जीमेलवरून २५ मेगाबाइटपेक्षा मोठी फाइल जोडून पाठवता येत नाही. म्हणून सीटी स्कॅनच्या प्रतिमा किंवा लेबलांचे छपाईयोग्य आराखडे पाठवण्यास ही पद्धत सोयीची ठरते.

अष्टांगहृदयात कांस्यपात्रात दहा दिवस राहिलेले घृत वर्ज्य सांगितले आहे. द्रव्य उत्तम असूनही पात्रामुळे दोष येतो. नोंदींच्या बाबतीतही पात्राचा विचार आधी करावा.

१. जागा
मोफत खात्यात गुगल ड्राइव्ह १५ गिगाबाइट, वनड्राइव्ह ५ आणि ड्रॉपबॉक्स २ गिगाबाइट जागा देते. गुगलची जागा ईमेल आणि छायाचित्रे यांच्याशी सामायिक असते, हे ध्यानात ठेवावे. लिखित रुग्णपत्रकांना जागा अल्प लागते. प्रतिमा आणि चित्रफिती मात्र ती लवकर भरून टाकतात.

२. लिंकवरील नियंत्रण
हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा होय. ‘लिंक असलेली कोणीही व्यक्ती’ हा पर्याय निवडल्यास लिंक ज्याच्या हाती पडेल, त्याला फाइल उघडते. अंधेरीतील वैद्याने क्षारसूत्राच्या सल्ल्यासाठी मुलुंडच्या शल्यतज्ज्ञाकडे भगंदराच्या रुग्णाची छायाचित्रे अशा लिंकने पाठवली आणि ती लिंक एखाद्या गटात पुढे गेली, तर कोणी पाहिले याचा शोध लागणे कठीण. रुग्णाने विश्वासाने दाखवलेली व्याधी चारचौघांत जाते आणि ती हानी भरून येत नाही. म्हणून समोरच्या व्यक्तीचा ईमेल पत्ता नोंदवून फक्त वाचण्याची परवानगी द्यावी आणि काम होताच ती काढून घ्यावी. लिंकला पासवर्ड व मुदत लावण्याची सोय ड्रॉपबॉक्स आणि वनड्राइव्ह यांच्या सशुल्क योजनांत मिळते. मात्र समोरच्याने प्रत उतरवून घेतली असल्यास ती परत घेता येत नाही. यास्तव फाइलच्या नावात रुग्णाचे नाव न लिहिता दवाखान्यातील नोंदणी क्रमांक लिहावा आणि पाठवण्यापूर्वी रुग्णाची संमती घ्यावी.

३. खाते कोणाचे?
शेड्यूल ‘टी’नुसार औषधनिर्मात्याला प्रत्येक बॅचच्या निर्मितीची नोंद ठेवावी लागते. या नोंदी कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक खात्यात असतील, तर तो नोकरी सोडून जाताच त्या हाताबाहेर जातात. फार्मसीने संस्थेच्या नावे व्यावसायिक खाते घ्यावे. त्यात मालकाला कर्मचाऱ्यांचे अधिकार देता आणि काढता येतात. स्वतःची गुप्त पाठसूत्रे व लेबल छापणाऱ्यास द्यावयाच्या फाइली कधीही एका फोल्डरमध्ये ठेवू नयेत. फोल्डर खुले केले की आतील सर्व काही खुले होते.

४. समक्रमण म्हणजे राखीव प्रत नव्हे
संगणकावरील फोल्डर क्लाउडशी जोडलेले असल्यास येथे पुसलेली फाइल तेथेही पुसली जाते. वर उल्लेखिलेल्या तिन्ही सेवांच्या मोफत खात्यांत पुसलेली फाइल साधारणतः ३० दिवस परत मिळवता येते, पुढे नाही. म्हणून महिन्यातून एकदा स्वतंत्र हार्ड डिस्कवर प्रत घेऊन ती दवाखान्याबाहेर ठेवावी. सेवा बंदही पडतात. अॅमेझॉन ड्राइव्ह ही सेवा ३१ डिसेंबर २०२३ रोजी बंद झाली. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते पुसून टाकण्याचे धोरण गुगलनेही त्याच वर्षी स्वीकारले. सर्व फाइली एकत्र बाहेर काढता येतात की नाही, हे आरंभीच तपासावे.

५. कायद्याची बाजू
डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य तरतुदी अधिसूचनेनंतर १८ महिन्यांनी लागू होतात. माहिती दुसऱ्या कंपनीच्या संगणकावर ठेवली तरी तिची जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्याचीच राहते. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. गुगलने २०१७ मध्ये मुंबईत क्लाउड केंद्र सुरू केले; परंतु तेवढ्यावरून आपल्या वैयक्तिक खात्यातील फाइली मुंबईतच राहतात असे समजू नये.

सारांश, एकट्या वैद्याला यांपैकी कोणत्याही सेवेचे वैयक्तिक खाते पुरेसे होऊ शकते. मात्र ते घरगुती छायाचित्रांच्या खात्याहून वेगळे असावे, त्यास द्विस्तरीय पडताळणी लावावी आणि परवानगी नावानिशी द्यावी. फार्मसीने तसेच एकाहून अधिक वैद्य असलेल्या चिकित्सालयाने सशुल्क व्यावसायिक खातेच घ्यावे. आज सवड काढून आपल्या खात्यातील खुल्या लिंक पाहाव्यात आणि ज्यांचे काम संपले आहे त्या बंद कराव्यात. सेवा बदलण्याचा विचार त्यानंतर करता येईल.