चुकलेल्या रकान्यातले शिकारी

उसात बिबट्या दिसला की श्रीगोंद्यात दुसरा विषय उरत नाही. पिंजरा कुठे लावला, शेळी कोणाची गेली, शेतीला दिवसा वीज द्या ही मागणी कुठवर पोचली, हे वाचकांना तोंडपाठ आहे. ते इथे पुन्हा सांगत नाही. तक्रार वेगळीच आहे. घोड आणि भीमेच्या काठच्या या तालुक्यात वन्यजीव म्हणजे बिबट्या, असं समीकरणच होऊन बसलंय. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष माळरानं आणि पशुपालकांच्या नावे केलं. श्रीगोंदा-कर्जत तर माळाचा आणि मेंढरांचा मुलूख. तरीही आपली नजर उसाच्या सरीतून बाहेर पडत नाही.

माळाच्या गवतात मात्र दुसरा एक शिकारी दबा धरून बसलेला असतो. त्याला कुणी प्रार्थनाकीटक म्हणतं, कुणी खंडोबाचा किडा. पाऊस ओसरला की त्याचे नर रात्री अंगणातल्या दिव्यावर येतात, आपण मोबाइलवर फोटो काढतो आणि विषय संपतो. ‘मादी नराला खाते’ एवढं एक वाक्य आपल्याला पुरतं. ते वाक्यही अर्धवट आहे. १९८७ साली पोट भरलेल्या माद्यांवर दुरून कॅमेरा रोखून केलेल्या निरीक्षणात नर-मादीचा लांबलचक प्रणयाराधनाचा विधीच दिसला, खाणंपिणं नाही. उपाशी आणि कोंडलेली मादी नराला खाते हे खरं. पण त्यावरून अख्ख्या गटाची ओळख ठरवायची, तर मग काय बोलायचं!

ही ओळख किती अपुरी आहे, ते आकड्यांवरून कळेल. जगात प्रार्थनाकीटकांच्या सुमारे अडीच हजार जाती आहेत. मुखर्जी, हाजरा आणि घोष यांनी १९९५ साली भारतातल्या प्रार्थनाकीटकांचा मोठा आढावा प्रसिद्ध केला, त्यात ६८ प्रजातींमधल्या १६२ जाती होत्या. हिरव्या रंगाचा, पुढचे पाय जोडून बसलेला ‘तो’ किडा म्हणजे यांतल्या मूठभर जाती. बाकीच्यांत कुणी झाडाच्या सालीवर चपटं होऊन धावतं, कुणी वाळलेलं पान होतं, कुणी फूल होतं. काहींची पिल्लं अंड्यांच्या कोषातून बाहेर पडतात तीच मुंग्यांचं सोंग घेऊन.

सोयरीक झुरळाशी

आधी घराणं पाहू. लिनियसने १७५८ साली प्राण्यांची नावं लावताना प्रार्थनाकीटकांना टोळ आणि रातकिड्यांच्या पंगतीला बसवलं. लांब पाय, लांब अंग, गवतात वावर. त्याच्या जागी कुणीही हेच केलं असतं. आजही माळावर मुलं दोघांना एकाच नावाने हाक मारतात. पण टोळ गवत खातो आणि हा टोळ खातो. त्याचं खरं नातं आहे झुरळाशी आणि वाळवीशी. वाळवी म्हणजे समाज करून राहणारी झुरळंच, हे २००७ साली रेणवीय पुराव्यांनी पक्कं झालं. म्हणजे आपण पूजेच्या मुद्रेत बसलेला समजतो तो, चौकट पोखरणारी वाळवी आणि मोरीतलं झुरळ, तिघं एकाच वाड्यातले. अंडी फेसाळ कोषात एकत्र घालण्याची प्रार्थनाकीटकाची रीत आणि झुरळाची अंड्यांची डबी शेजारी ठेवली, तर नातं डोळ्यांनाही पटतं.

या गटाच्या अंगात काय काय दडलंय, याचे दोन नमुने पुरेत. १९८६ साली यागर आणि हॉय या अमेरिकी संशोधकांनी दाखवलं की प्रार्थनाकीटकाला एकच कान असतो, तोही छातीखाली, मागच्या पायांच्या मधोमध. माणसाला ऐकू न येणारे उच्च कंपनांचे आवाज तो टिपतो. रात्री उडणाऱ्या नराने वटवाघळाची हाक ऐकली, की तो हवेतच गिरकी घेऊन खाली झेपावतो. ज्या जातींच्या माद्यांचे पंख आखूड असतात, त्यांचा कान बहुधा क्षीणच असतो. उडायचंच नाही तर वटवाघळाची भीती कशाला? दुसरा नमुना २०१६चा. ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात विवेक नित्यानंद आणि सहकाऱ्यांनी या किड्यांना मधमाशीच्या मेणाने इवलेसे रंगीत चष्मे चिकटवले आणि त्यांना त्रिमितीय चित्रपट दाखवला. पडद्यावरचं भक्ष्य जवळ आल्याचा भास होताच किड्यांनी झडप घातली. दोन डोळ्यांनी अंतर जोखणं कीटकालाही जमतं, हे त्यावरून सिद्ध झालं.

कोलकात्यातला एकांडा शिलेदार

भारतातल्या प्रार्थनाकीटकांची गोष्ट एका माणसावाचून सांगता येत नाही. त्याचं नाव जेम्स वुड-मेसन. १८६९ साली तो कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये नोकरीला आला तेव्हा जेमतेम बावीस-तेवीस वर्षांचा होता. १८७२मध्ये समुद्री जीव गोळा करायला अंदमानला गेला आणि येताना काडीकिड्यांच्या नव्या जातीही घेऊन आला. पुढे तो म्युझियमचा प्रमुख झाला. पण त्याचा जीव अडकला होता प्रार्थनाकीटकांत. १८८९ आणि १८९१ साली त्याने म्युझियममधल्या संग्रहाच्या सूचीचे दोन भाग काढले. १८९३ साली मायदेशी परतताना समुद्रातच त्याचा मृत्यू झाला. वय सत्तेचाळीसच्या आत.

त्या काळच्या कोलकात्याचं वातावरणच भारलेलं होतं. डार्विनचा सिद्धांत ताजा होता आणि ‘सोंग’ हा चर्चेचा विषय होता. १८७७ साली म्युझियमचे तेव्हाचे प्रमुख जॉन अँडरसन यांनी एशियाटिक सोसायटीपुढे गाँगिलस गाँगिलोडिस या जातीबद्दल टिपण मांडलं. द्वीपकल्पीय भारत आणि श्रीलंकेत आढळणारी ही जात वरून पाहिली तर चुरगळलेलं सुकं पान. छातीचा भाग लांब दांड्यासारखा, टोकाशी पसरट. पायांवरही पानाच्या पाळ्या. पण ती फांदीला उलटी लटकते तेव्हा छातीच्या पसरट भागाची खालची बाजू समोर येते. ती निळसर-जांभळी असते, मधोमध काळा ठिपका. माशीला समोर फूल दिसतं.

मला या मंडळींचं कौतुक वाटतं आणि त्यांच्या मर्यादाही जाणवतात. संग्रहालयात सगळे नमुने टाचणीला लावलेले, सुकलेले, रंग उडालेले. अँडरसनना जिवंत किडा पाहायला मिळाला म्हणून फूल उमगलं. टाचणीवरच्या नमुन्यात उरतो तो फक्त आकार. आणि आकारावर भरवसा ठेवण्याची किंमत पुढची शंभर वर्षं मोजावी लागली.

सारखे दिसतात, सख्खे नसतात

झालं असं, की प्रार्थनाकीटकांचं वर्गीकरण मुख्यतः बाह्य रूपावर उभं राहिलं. पायांवरचे काटे, डोळ्यांचा आकार, छातीची लांबी. जे ठळकपणे वेगळे दिसले त्यांना स्वतंत्र कूळ मिळालं, बाकी सगळे मँटिडी या एका भल्यामोठ्या कुळात. २००४ आणि २००९ साली स्वेन्सन आणि व्हायटिंग यांनी डीएनए तपासला आणि हा डोलारा हलला. एका कुळात बसवलेल्यांचा एकमेकांशी जवळचा संबंध निघेना. उलट, नाती जुळत होती ती भूगोलाशी. गोंडवन फुटून खंड वेगळे होत गेले, तसे हे किडेही वेगळे झाले. मग प्रत्येक खंडावर गवत होतं, झाडाची साल होती, पानं होती, फुलं होती. त्या त्या जागी दबा धरून बसायचं तर रूपही तसंच लागणार. फेटा आणि मिशी सारखी म्हणून दोन माणसं भाऊ ठरत नाहीत. इथे नेमकं तेच झालं होतं.

२०१९ साली जर्मनीचे ख्रिश्चन श्वार्ट्झ आणि पॅरिसचे रॉजर रॉय यांनी सगळं नव्याने मांडलं. त्यांच्या मांडणीत कुळं २९ झाली. त्यांनी सर्वाधिक भरवसा ठेवला तो नराच्या जननावयवांवर. हे अवयव डाव्या-उजव्या बाजूला सारखे नसतात, त्यांच्या घड्या, काटे आणि आकड्या जातीगणिक वेगळ्या असतात, आणि परिसराशी मिळतंजुळतं व्हायचा दाब त्यांच्यावर नसतो. गवतासारखं दिसण्याची गरज पाठीला असते, पोटाच्या आतल्या भागाला नसते. म्हणून नाव नक्की करायचं तर नराच्या पोटाचं टोक कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात मऊ करून सूक्ष्मदर्शकाखाली उलगडावं लागतं. मोबाइलवरच्या फोटोखाली कुणीतरी झटक्यात जातीचं नाव लिहितो तेव्हा थोडं सबुरीने घ्यावं, ते यासाठीच.

या फेरमांडणीत आपल्या माळासाठी एक गंमत आहे. स्किझोसेफाला बायकॉर्निस या जातीचं शरीर इतकं सडपातळ असतं, की कुसळीच्या काडीला चिकटून बसलं तर हलेपर्यंत कळत नाही. डोळे निमुळते, टोकदार, पुढे निघालेले. लिनियसने १७५८मध्ये नोंदवलेल्या अगदी पहिल्या जातींतली ही एक. वर सांगितलेली गाँगिलसही त्यातलीच. दख्खनच्या उघड्या गवतात राहणाऱ्या या काडीला नव्या मांडणीने बसवलं आहे एरेमियाफिलिडी कुळात. या कुळाला नाव देणारा एरेमियाफिला कसा दिसतो? सहारा आणि अरबस्तानच्या वाळूत धावणारा, आखूड, बसका, खड्यासारखा. एक काडी, एक खडा, आणि दोघं एकाच कुळातले. दुसरीकडे दक्षिण अमेरिकेतला अँजेला हा तितकाच काडीसारखा, पण त्याचं कूळ निराळं. दोघांना एका पेटीत ठेवणारा जुना अभ्यासक आळशी नव्हता. त्याला फक्त रूप दिसत होतं.

पडीक कुणासाठी?

आता मूळ मुद्द्यावर येतो. किडा चुकीच्या कुळात बसला तर किड्याचं काही बिघडत नाही. जमीन चुकीच्या रकान्यात बसली तर तिच्यावर जगणाऱ्या सगळ्यांचं बिघडतं.

देशाच्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह २०००पासून वेळोवेळी निघतो. विरळ झुडपांच्या जमिनी त्यात पडीक म्हणून मोजल्या जातात. आपल्या माळाचा बराच भाग वरून पाहिला तर तसाच दिसतो. तालुक्याच्या पातळीवर हाच माळ कुठे गायरान असतो, कुठे सातबाऱ्यावर पोटखराबा. शब्द कोणताही असो, अर्थ एकच काढला जातो: ही जागा रिकामी आहे, हिचं काहीतरी करा. मग त्यावर चर खणा, गिरिपुष्पाची रोपं लावा, सौर पॅनेलं उभारा. सौर कृषी वाहिनी योजनेला माझा विरोध नाही; दिवसा वीज मिळाली तर रात्री उसात पाणी धरायला जाणारा माणूस वाचेल. पण जागा निवडताना माळ हा पहिला पर्याय का, हा प्रश्न विचारायलाच हवा. गवत हे न उगवलेलं जंगल नव्हे. इथल्या अवर्षणाच्या हवेत ते स्वतःच पूर्ण आहे, आणि त्यात झाड लावणं म्हणजे दर वेळी सुधारणा नव्हे.

हे सरकारला ठाऊक नव्हतं असंही नाही. १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्र सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होतं आणि सोलापूरबरोबर नगरचे कर्जत, श्रीगोंदा आणि नेवासा हे तालुके त्यात होते. अख्खी गावं, शेतं, रस्ते अभयारण्यात. लोकांची जमिनीची साधी कामं अडली आणि माळढोकावर राग निघाला. पुढे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. लोकांची सुटका झाली ते योग्यच. पण अभयारण्य आखडलं तसा माळाबद्दलचा विचारही आखडला. आता शेजारच्या कर्जतमध्ये काळविटांसाठी १९८०पासून राखलेलं रेहेकुरी आहे, अवघं २.१७ चौरस किलोमीटरचं. बाकी माळ पोरका.

प्रार्थनाकीटक वाचवले की पीक वाचेल, असा सोपा हिशेब मी मांडणार नाही. तो खराही नाही. लिंबाच्या बागेत हा किडा पानं खाणारी अळी खातो, तशीच फुलावरची मधमाशीही खातो, आणि भूक लागली तर भाऊबंदही. भाडोत्री रखवालदार म्हणून तो कुचकामी आहे. त्याची किंमत वेगळी. ज्या जातींच्या माद्यांना उडता येत नाही त्या गवताचा तुकडा नांगरला गेला की उठून दुसरीकडे जात नाहीत, तिथेच संपतात. कोणत्या माळावर कोणत्या जाती उरल्या, यावरून माळ किती शाबूत आहे ते वाचता येतं.

त्यासाठी यादी हवी. पुण्यातल्या प्रार्थनाकीटकांवर प्राणिशास्त्राचे प्राध्यापक हेमंत घाटे आणि सहकाऱ्याचा लेख २००२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. पुणे इथून शंभरेक किलोमीटरवर. श्रीगोंद्याला तेवढंच करायला काय लागतं? पांढरं कापड, दिवा, पावसाळ्यानंतरच्या रात्री, आणि कोषांचे आकार टिपून ठेवणारी शाळेतली मुलं. कोषाचा आकारही प्रजातीगणिक बदलतो, आणि कोष पळून जात नाही. राहुरीला १९६८पासून कृषी विद्यापीठ आहे, कीटकशास्त्राची माणसं आहेत. २००२च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी समित्या आणि लोक जैवविविधता नोंदवह्या आल्या. हरित लवादाने ३१ जानेवारी २०२०ची मुदत दिली तेव्हा राज्यांची धावपळ उडाली. त्या वह्यांमध्ये कीटकांना जागा आहे. आपल्या ग्रामपंचायतीची वही मागून पाहा आणि त्या पानावर काय लिहिलंय ते वाचा.

प्रार्थनाकीटकांची कुळं २९ झाली, कारण दीडशे वर्षं कपाटात पडलेले नमुने कुणीतरी पुन्हा बाहेर काढले आणि आधीच्या चिठ्ठीवर विश्वास न ठेवता पुन्हा पाहिले. जमिनीच्या नोंदीही तशाच उघडून बघता येतात. आपल्याकडे त्या उघडतात, पण बहुतेकदा निविदा निघाल्यावर.