अर्धी जाळी रिकामी

बार्बेक्यू घ्यायला निघालेलं तीन माणसांचं घर दुकानात शिरलं की पाहता पाहता पंचवीस माणसांचं होतं. थर्टीफर्स्टची गच्ची आठवते, दोन्हीकडचे नातेवाईक आठवतात, मुलीचा कॉलेजचा ग्रुप आठवतो आणि ‘असू दे थोडं मोठं, पुढेमागे लागतंच’ असं म्हणत सगळ्यात रुंद ग्रिल उचललं जातं. याच्या उलटही होतं. ‘आपण दोघंच तर आहोत’ म्हणून ब्रीफकेससारखी मिटणारी पत्र्याची जाळी मागवली जाते. पहिल्याच रविवारी तिच्यावर कोंबडी बाहेरून काळी आणि आतून कच्ची राहते, आणि जाळी माळ्यावर जाते ती कायमची. दोन्ही घरं एकाच हिशेबानं फसलेली असतात: त्यांनी खाणारी माणसं मोजलेली असतात. कोळशाच्या ग्रिलचं माप ठरवताना मोजायची असते ती रिकामी जागा.

रिकामी कशासाठी, ते कोंबडीच्या तंगडीवरून पाहू. तंगडी आतपर्यंत शिजायला, म्हणजे हाडापाशी ७४ अंश सेल्सिअसला पोचायला, मध्यम आचेवर अर्धा-पाऊण तास लागतो. धगधगत्या निखाऱ्यांच्या थेट वर ठेवली तर कातडी त्याच्या कितीतरी आधी करपते. गॅसवर आपण बटण फिरवून आच कमी करतो. कोळशाला बटण नाही. तिथे आच कमी करायची म्हणजे पदार्थ निखाऱ्यांवरून बाजूला घ्यायचा. म्हणून ज्याचा हात बसलेला आहे तो माणूस निखारे जाळीखाली सगळीकडे पसरत नाही. अर्ध्या भागात रचतो आणि उरलेला अर्धा कोरा सोडतो. निखाऱ्यांच्या बाजूला तंगडीला रंग चढवायचा, मग ती कोऱ्या बाजूला न्यायची, झाकण लावायचं आणि भोकांची उघडझाप करून हवा सांभाळायची. झाकणाखाली गरम हवा फिरत राहते आणि तंगडी सावकाश शिजते.

दुसरं कारण भडक्याचं. मॅरिनेशनचं तेल आणि मांसाची चरबी निखाऱ्यांवर ठिबकली की ज्वाळा उठते, आणि त्या धुरातून पॉलिसायक्लिक अॅरोमॅटिक हायड्रोकार्बन्स ही घातक संयुगं पदार्थावर बसतात. अशा वेळी पाणी शिंपडणारे पुष्कळ भेटतात. त्यानं राख उडते आणि पापलेटावर येऊन बसते. खरं तर पदार्थ दोन मिनिटं कोऱ्या बाजूला सरकवला की काम होतं. सरकवायला जागाच ठेवलेली नसेल, तर चिमटा हातात धरून नुसतं बघत राहायचं.

आता मापं. झाकण असलेली गोल ग्रिलं साधारण १४, १८ आणि २२ इंच अशी विकली जातात. ऐकायला आकडे जवळजवळचे, पण गोलाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानं वाढतं, आणि दुकानात उभं असताना हे भूमितीचं पुस्तक कुणालाच आठवत नाही. वेबर कंपनीचे आकडे घेऊ. इतर अनेकांची मापं त्यांच्याच आसपास असतात. १४ इंचीची जाळी १४७ चौरस इंच, म्हणजे साधारण साडेनऊशे चौरस सेंटिमीटर. १८ इंचीची २४०, म्हणजे सुमारे १,५५०. २२ इंचीची ३६३, म्हणजे सुमारे २,३४०. अठरावरून बावीसवर गेलं की जागा दीडपट होते.

यावर माझा एक घरगुती हिशेब आहे. जेवणाचं १२ इंची ताट घ्या. त्याचं क्षेत्रफळ सातशे चौरस सेंटिमीटरहून थोडं जास्त भरतं. १८ इंची जाळीचा निम्मा भाग ७७५ चौरस सेंटिमीटर. म्हणजे निखाऱ्यांच्या बाजूला एक ताटभर अन्न बसतं आणि दुसरी बाजू मोकळी राहते. तेव्हा नेहमीच्या शनिवारी तुम्ही जे भाजणार आहात ते एका ताटात, एकावर एक न चढवता, मांडून बघा. चार तंगड्या आणि दोन कणसं. किंवा दोन मध्यम पापलेटं आणि कडेनं कांद्याच्या चकत्या. किंवा पनीर-सिमला मिरचीच्या पाच-सहा सळया. त्यांची टोकं ताटाबाहेर डोकावली तरी हरकत नाही. एका ताटात बसलं तर तुमचं ग्रिल १८ इंची. अर्ध्याच ताटात आटोपत असेल तर १४ इंची पुरे. दीड ताट लागत असेल, आणि तेही महिन्यातून दोन-तीनदा, तरच २२ इंचीकडे वळा. तीन-चार माणसांच्या घरात हा प्रयोग बहुतेक एका ताटावरच थांबतो. थर्टीफर्स्टला तीन घाणे काढा; त्या रात्री कुणालाच घाई नसते.

बावीस इंचांचा दबदबा कुठून आला, तेही पाहण्यासारखं आहे. जॉर्ज स्टीफन हा गृहस्थ शिकागोत वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये कामाला होता. तिथे पाण्यात तरंगणाऱ्या बोयांसाठी पत्र्याचे अर्धगोल घडवले जात. घरामागच्या उघड्या ग्रिलवर वारा आणि राख यांना तो वैतागला होता. १९५२मध्ये त्यानं असाच एक अर्धगोल घेतला, त्यात कोळसा भरला, दुसऱ्याचं झाकण केलं आणि हवेसाठी भोकं ठेवली. आज जगभर ‘केटल’ म्हणून ओळखलं जाणारं ग्रिल ते हेच. या स्टीफनसाहेबांना बारा मुलं होती. ‘फॅमिली साइज’ हे अमेरिकी लेबल वाचताना एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

मोठ्या ग्रिलच्या बाजूनं एक मुद्दा मात्र खरा आहे. मोठ्यात लहान विस्तव करता येतो, लहानात मोठा करता येत नाही. स्वतःचं अंगण असेल, ग्रिल कायम एका जागी उभं राहणार असेल, तर २२ इंचीला माझा विरोध नाही. पण लहान विस्तव करण्याचीही रीत असते. कोळसे एकमेकांच्या धगीवर जळत राहतात. विखुरले की एकेकटे विझतात. मोठ्या भांड्यात मूठभर कोळसे टाकून भागत नाही, दोन कोरड्या विटांचा आडोसा करून ते कडेला दाटीनं रचावे लागतात. नाहीतर सवयीनं भांड्याच्या मापाचाच विस्तव होतो. १८ इंचीचा अर्धा भाग ब्रिकेटच्या, म्हणजे दाबून केलेल्या कोळशाच्या वड्यांच्या, एका थरानं भरायला साधारण पाऊण किलो कोळसा लागतो, २२ इंचीला किलोभर किंवा थोडा जास्त. एका शनिवारी हा फरक जाणवत नाही. पोतं डोक्यावर घेऊन चौथ्या मजल्याच्या गच्चीवर चढणाऱ्याला तो जाणवतो.

लहान मापाचं दुखणं वेगळं. १४ इंचीत जाळी आणि निखारे यांत अंतर कमी, झाकणाची उंची कमी. अख्खी कोंबडी आत बसणं अवघड, आणि मधेच कोळसा घालायचा तर जाळी उचलून घ्यावी लागते. बांगडा, कोळंबी, मशरूम, पनीर अशा झटपट होणाऱ्या पदार्थांना ती उत्तम. दोघांचं घर असेल आणि ग्रिल गाडीच्या डिकीत टाकून काशिदच्या किनाऱ्यापर्यंत न्यायचं असेल, तर मी तीच घेईन. मिटणाऱ्या ब्रीफकेसवाल्या प्रकाराशी मात्र तिची गल्लत नको. त्याला झाकण नसतं, हवेवर ताबा नसतो आणि पातळ पत्रा लवकरच वाकतो. झाकणाचा आणखी एक फायदा दुकानदार सांगत नाही: जेवण झाल्यावर वरची-खालची भोकं बंद केली की निखारे गुदमरून विझतात, आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी पुन्हा पेटतो.

तुमच्याकडे सळईवरचे कबाब आणि टिक्के सोडून दुसरं काही होतच नसेल, तर गोल ग्रिल घेऊच नका. कुलाब्यात ताजच्या मागच्या गल्लीत बडेमियाँची शेगडी बघा, किंवा मोहम्मद अली रोडवरची कुठलीही. लांब, अरुंद पन्हळ. सळया दोन्ही काठांवर टेकलेल्या, मांस थेट निखाऱ्यांवर. जाळीच नाही, त्यामुळे चिकटणंही नाही. तुर्की मंगल आणि जपानमधलं याकितोरीचं कोनरो याच घडणीचं. इथे आच बदलायची तर सळई उचलून पन्हळीच्या थंड टोकाला न्यायची. हातभर लांबीची अशी शेगडी लोहाराकडून करून घेता येते आणि चार माणसांना पुरून उरते. फक्त तिच्यावर तंगडी शिजवायचा हट्ट धरू नये.

लहान घराचा विस्तव हा काही अमेरिकेनं लावलेला शोध नव्हे. गॅस येण्याआधी मुंबईच्या चाळींत बादलीची शेगडी होती: जुन्या बादलीला आतून मातीचा जाड लेप, मध्ये सळयांची जाळी, खाली राखेला आणि हवेला तोंड. तो लेप महत्त्वाचा. माती धग आत धरून ठेवते, त्यामुळे थोडक्या कोळशात जेवण होतं. जपानी शिचिरिनमध्येही तेच तत्त्व आहे. नोतो द्वीपकल्पाच्या टोकाला सुझू भागात डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालांच्या सांगाड्यांची सच्छिद्र माती सापडते; तिचे ठोकळे कापून ही शेगडी कोरतात. दोघंतिघं तिच्याभोवती बसून एकेक तुकडा भाजत खातात. हेच तत्त्व जाड सिरॅमिकच्या कामाडो ग्रिलमध्ये टोकाला नेलेलं आहे. १९७४मध्ये अटलांटात सुरू झालेल्या बिग ग्रीन एगचं ‘लार्ज’ मॉडेल सव्वाअठरा इंची जाळीचं, पण वजन सत्तर किलोच्या पुढे. कोळसा खरंच थोडका लागतो. ते जिन्यावरून वर नेणार कोण, एवढंच आधी ठरवा.

जागेचा प्रश्न शहरात मापाइतकाच मोठा. बंद बाल्कनीत, खिडकीच्या आत, पावसात ‘तेवढ्यापुरतं’ स्वयंपाकघरात, कुठेही कोळसा पेटवायचा नाही. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. जेवणानंतर ऊब म्हणून निखाऱ्यांची शेगडी खोलीत घेऊन झोपलेली माणसं दर हिवाळ्यात दगावतात. न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींना अपार्टमेंटच्या बाल्कनीत ग्रिल पेटवायला तिथल्या अग्निसुरक्षा नियमांनुसार मनाई आहे. आपल्याकडे सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी विचारलेलं बरं, कारण धूर वरच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांत शिरतो. मुंबईत धुराचा विषय एरवीही तापलेला आहे: जानेवारी २०२५मध्ये उच्च न्यायालयानं लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. गच्चीवर मांडताना पायांखाली शहाबादी फरशीचा तुकडा आणि विटा ठेवा. खालचं वॉटरप्रूफिंग उष्णतेनं उकललं तर पावसाळ्यात गळती थेट शेजाऱ्यांच्या छतातून बोलते.

कोळसा लाकडीच हवा, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते. दगडी कोळशाच्या धुरात गंधक असतं. त्यावर अन्न भाजायचं नसतं. आपल्या बाजारात येणारा बराचसा लाकडी कोळसा वेड्या बाभळीचा असतो. कच्छात आणि तमिळनाडूच्या रामनाथपुरम भागात तो मोठ्या प्रमाणावर पाडतात. रायगड-ठाण्यातल्या कातकऱ्यांच्याही कित्येक पिढ्या कोळशाच्या भट्ट्यांवर खपल्या; पोत्याचा भाव करताना हे मनात असावं. लहान ग्रिलला नारळाच्या करवंटीचा कोळसा मला सगळ्यात सोयीचा वाटतो. धूर कमी, धग भरपूर, राख थोडी. पेटवायला रॉकेल नको, त्याचा वास जेवणात उतरतो. पत्र्याची चिमणी मिळते. तिच्यात वर कोळसा आणि खाली चुरगळलेला कागद घातला की पंधरा-वीस मिनिटांत निखारे फुलतात. १४ इंचीला चिमणीही लहानच घ्या. मोठी चिमणी काठोकाठ भरून ओतली की अख्खी जाळी पेटते आणि रिकाम्या बाजूचा प्रश्नच मिटतो. जेवण उरकल्यावर निखारे लगेच गुदमरवू नका. भरताचं वांगं आणि रताळी थेट त्यांत पुरा. त्यांना जाळीची गरज नसते.

आपल्याकडे मापाचा शेवटचा निकाल पाऊस लावतो. अमेरिकेत ग्रिल वर्षभर अंगणात उभं असतं. इथे जून ते सप्टेंबर ते आत घ्यावं लागतं, आणि कोकणात खाऱ्या हवेमुळे एरवीही झाकून ठेवावं लागतं. भाजून चढवलेल्या इनॅमलचा थर पावसाला दाद देत नाही. नुसता रंग दिलेला पत्रा एका पावसाळ्यात पोपडे टाकतो. म्हणून ताटाबरोबर जिन्याखालच्या कोनाड्याचंही माप घेऊन दुकानात जा. पाय सुटे होणारं १८ इंची भांडं पिठाच्या मोठ्या डब्याशेजारी निमूट बसतं. २२ इंचीला कपाटातलं काहीतरी बाहेर काढावं लागतं. आत ठेवण्यापूर्वी राख पूर्ण काढा, ती ओल धरते आणि तळ गंजवते. दिसायला थंड असली तरी राखेत निखारा रात्रभर जिवंत राहू शकतो. ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात दोन दिवस ठेवून मगच कुंड्यांत टाका, प्लास्टिकच्या बादलीत कधीच नको. जाळीला तेलाचा हात फिरवा आणि झाकणाची भोकं उघडी ठेवून भांडं कोनाड्यात सारा. बंद ठेवलीत तर आत बुरशी धरते.