कोपरा गेलेल्या पत्राचं साल: वजाबाकीने काढलेलं उत्तर

इंदूरच्या जुन्या वस्तीतल्या एका घरी मोडी कागदांचा रुमाल आहे. त्यातलं एक पत्र घरातल्या काकांनी मला दिलं आणि म्हणाले, "आमच्या वाड्याची जागा अहिल्यादेवींनी दिली, त्याचं हे पत्र. तुम्ही फक्त साल काढून द्या, मग काचेत घालून दिवाणखान्यात लावतो."

फक्त साल! पण सालाचा कोपराच कसरीने खाल्ला होता.

मी पेशाने विजेचा इंजिनियर. इतिहास शिकलो तो नोकरी सांभाळून, रविवारी. वसतिगृहात असताना पाच घरांचं एक कोडं फार चालायचं: पाच रंगांची घरं, पाच देशांची माणसं, मग झेब्रा कोणाचा? १९६२ साली 'लाइफ इंटरनॅशनल' मासिकात ते छापलं होतं. ते सोडवायची रीत एकच. सगळ्या शक्यतांचा तक्ता मांडायचा आणि प्रत्येक सूचनेने काय असू शकत नाही तिथे फुली मारायची. पुढे नोकरीत लाईनमधला फॉल्ट शोधतानाही हेच केलं. कागदाचं साल काढायलाही हीच रीत चालते, ती कशी ते या पत्रावरून सांगतो.

आधी हातात काय होतं ते पाहू. पत्रात जागा मोजून ताब्यात द्यावी असा मजकूर आहे. 'माधवराव पंडित प्रधान' असं पेशव्यांचं नाव आहे. मल्हारजी होळकर सुभेदार यांच्या तळावरून आज्ञा आली, असाही उल्लेख आहे. मिती 'श्रावण शुद्ध ५ गुरुवार', म्हणजे नागपंचमी. आणि सालाच्या जागी उरलं होतं एवढंच: आधीच्या शब्दाचं शेवटचं अक्षर 'स', आणि पुढे 'सितैन मया व अलफ'.

मराठी दफ्तरात हा सुहूर सन सर्रास दिसतो. त्याचे आकडे अरबी शब्दांत आणि उलट्या क्रमाने लिहितात: आधी एकं, मग दहं, मग शंभर, शेवटी हजार. सितैन म्हणजे साठ, मया शंभर, अलफ हजार. सन मृगाला बदलतो. मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेला ५९९ मिळवले की इसवी सन मिळतं, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. श्रावण पावसाळ्यातला, म्हणून आपल्याला ५९९.

आता कबुली. पहिल्या वाचनात मी 'सितैन'ला 'सबैन' वाचलं होतं. सबैन म्हणजे सत्तर, म्हणजे १७६९ ते १७७८ हे श्रावण. त्यात सवाई माधवराव बसतात, अहिल्याबाईंचा कारभारही बसतो. काकांना हवं तेच उत्तर! पण तक्ता मांडायला घेतला आणि अडलो. मल्हारराव २० मे १७६६ ला आलमपूरला वारले. सबैन धरलं तर गेलेला माणूस तळावरून आज्ञा पाठवतो असं होतं. म्हणून सबैन नव्हे. पुन्हा भिंग घेऊन बसलो तेव्हा अक्षर नीट लागलं. चूक डोळ्यांची कमी आणि इच्छेची जास्त होती. मी उत्तर आधी ठरवून वाचायला बसलो होतो.

सितैन पक्कं झाल्यावर शक्यता दहा: ११६० ते ११६९. आता फुल्या.

पहिली फुली: सितैनच्या आधी एक शब्द आहे, म्हणजे एकं शून्य नाही. ११६० गेलं. उरले नऊ.

दुसरी: नानासाहेब पेशवे २३ जून १७६१ ला वारले, त्यानंतर माधवरावांना पेशवाई मिळाली. ११६१ चा श्रावण १७६० मधला, तेव्हा पेशवे नानासाहेब. तेही गेलं. उरले आठ.

तिसरी: मल्हारराव हयात हवेत. ११६७ चा श्रावण १७६६ मधला, त्यांच्या मृत्यूनंतरचा. म्हणून ११६७, ११६८, ११६९ तिन्ही गेले. उरले पाच.

चौथी: या पाच सालांचे एकंचे शब्द क्रमाने इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत. 'स' ने संपणारे दोनच, सलास आणि खमस. म्हणजे ११६३ किंवा ११६५. इसवी १७६२ किंवा १७६४.

पाचवी फुली वाराची. त्यासाठी स्वामिकन्नू पिल्ले यांची इंडियन एफिमेरिस उपयोगी पडते. इसवी ७०० ते १७९९ पर्यंतच्या तिथी-वारांचं गणित तिच्यात आहे. १७६२ ची नागपंचमी २५-२६ जुलैच्या सुमारास, म्हणजे रविवार-सोमवार. १७६४ ची २ ऑगस्टला, गुरुवार. उत्तर आलं: सुहूर सन ११६५, खमस सितैन मया व अलफ, शके १६८६, तारणनाम संवत्सर, गुरुवार २ ऑगस्ट १७६४.

इथे नव्या मंडळींसाठी एक सावधगिरी. तिथीचा वार पाहताना एका दिवसाची सूट ठेवावी लागते, कारण तिथी सूर्योदयाला धरली की लिहिण्याच्या वेळी, यावर वार मागेपुढे होतो. अशी सूट दिली की आठवड्यातले तीन वार चालतात. म्हणजे भलतं सालसुद्धा सातात तीनदा नुसत्या योगायोगाने जुळेल. म्हणून 'वार जुळला, साल पक्कं' असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नका. वाराचं काम शेवटच्या दोन-तीन शक्यतांत निवड करण्याचं. इथे सूट देऊनही १७६२ बसत नाही, म्हणून निर्णय झाला.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. शेवटी उरलं ते खरं, हे तेव्हाच म्हणता येतं जेव्हा पहिली यादी पुरी असते. माझ्या पहिल्या यादीत सितैन नव्हतंच. त्या यादीतून कितीही काटेकोर फुल्या मारल्या असत्या तरी उत्तर चुकलंच असतं, आणि वर पद्धतशीर दिसलं असतं. तसंच हे साल मजकुराचं आहे. कागद मागाहून केलेली नक्कल असू शकतो, त्याचा निवाडा कागद, शाई आणि वळण पाहून वेगळा करायचा.

उत्तर घेऊन काकांकडे गेलो. अहिल्याबाईंनी कारभार हाती घेतला १७६७ च्या डिसेंबरात. पत्र त्याआधी तीन वर्षांचं. काका बराच वेळ पत्राकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आई आम्हाला खोटं सांगत होती?"

मी म्हटलं, "नाही हो काका. १७५४ ला खंडेराव कुंभेरीला पडले, त्यानंतर मल्हारराव सुनेवर कारभाराची कामं सोपवत असत. देवींनी शब्द टाकला असेलही. पत्र त्याला हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. जागा कोणत्या साली ताब्यात द्यायला सांगितली, एवढंच ते सांगतं."

फुली फक्त पुराव्यावर पडली, आठवणीवर नाही. हा फरक मलाही त्या दिवशी नीट कळला. पत्र आता दिवाणखान्यात लागलं आहे. खाली चिठ्ठी काकांनी स्वतः लिहिली: 'श्रावण शुद्ध ५, शके १६८६. सुभेदार मल्हारराव होळकर यांचे वेळचे.' शेजारी देवींची तसबीर होती, ती तशीच आहे.