कलब्याचा किंगफिशर

लाँग वीकेंडला कुठे जायचं, हा प्रश्न यूएईत राहणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाला पडतो. या वेळी मॉल सोडा आणि हजर पर्वत ओलांडून कलब्याला जा. शारजा शहरापासून गाडीने साधारण सव्वा तासाचा रस्ता. कलबा शारजा अमिरातीचाच भाग, पण ओमानच्या आखातावर, पूर्व किनाऱ्यावर. वाटेत तपकिरी, उघडेबोडके डोंगर संपतात आणि अचानक खाली हिरवीगार खाडी दिसते. कोकणातल्या माणसाच्या पोटात इथे थोडं हलतंच!

ही हिरवाई तिवरांची आहे. आपल्या खाड्यांच्या काठाला असतात तीच, अव्हिसेनिया मरीना. पान चाटून पाहा, खारट लागेल: मुळांनी गाळूनही आत आलेलं जादा मीठ हे झाड पानांतल्या ग्रंथींमधून बाहेर टाकतं. चिखलात ऑक्सिजन नसतो, म्हणून पेन्सिलींसारखी श्वसनमुळं वर काढून ते श्वास घेतं. कलब्याचं हे वन देशातलं सर्वात जुनं मानलं जातं आणि काही झाडं दुमजली घराएवढी उंच आहेत. 2013 पासून ही रामसर पाणथळ जागा आहे.

खरा मानकरी मात्र पांढऱ्या गळपट्ट्याचा, निळसर हिरवा खंड्या. (शारजात दारूबंदी आहे, तेव्हा इथे किंगफिशर मिळतो तो फक्त पंखांचा!) खंड्या असूनही हा माशांपेक्षा खेकड्यांवर जास्त जगतो. याची 'कलबाएन्सिस' ही उपजात जगात फक्त इथे आणि शेजारच्या ओमानच्या किनाऱ्यावर थोड्या ठिकाणी आढळते. आणि याच जातीची 'विडाली' ही उपजात रत्नागिरीपासून केरळपर्यंत राहते. म्हणजे हा आपला चुलतभाऊच.

आता एक गोम. हा खंड्या घरटं करतो जुन्या तिवरांच्या खोडातल्या पोकळ्यांत. यूएईने 2030 पर्यंत 10 कोटी खारफुटी लावायचं ठरवलंय, ते उत्तमच: कार्बन साठेल, किनारा सावरेल, मासळीची पिल्लं वाढतील. पण काल लावलेल्या बोटभर जाडीच्या रोपात पोकळी कुठून येणार? ती यायला खोड म्हातारं व्हावं लागतं, फांदी मोडावी लागते, लाकूड कुजावं लागतं. एक जुनं झाड गेलं तर शंभर रोपं लावूनही या पक्ष्याचं घर लगेच परत मिळत नाही. मुंबईतही खारफुटी तोडताना 'दुसरीकडे लावू' असं सांगितलं जातं, तेव्हा मला हाच हिशोब आठवतो.

ओहोटीची वेळ बघून जा, तेव्हा खेकडे चिखलावर येतात आणि त्यांच्या मागे खंड्या. दुर्बीण न्या. कायाकमधून जायचं तर परवानगी असलेल्या वाटाड्याबरोबरच जा, आणि पोकळी असलेल्या झाडाला कायाक टेकवू नका. परत निघताना टपरीवर करक चहा घ्या. नावातला 'करक' म्हणजे आपला 'कडक'च.